कुचिमिल्को कसा पाहावा : पेरूतल्या चांकाय थडग्यांमधील मातीच्या मूर्तींची पहिली ओळख

2019 च्या जुलैमध्ये लिमा शहरात पॅन अमेरिकन क्रीडास्पर्धा सुरू झाल्या. त्यांचा शुभंकर होता मिल्को: मोठं डोकं, आखूड पाय, पसरलेले हात आणि तोंडभर हसू. ज्या मूर्तींवरून हा मिल्को बेतला, त्या कुचिमिल्को मूर्ती मात्र हसत नाहीत. पेरूच्या मध्य किनाऱ्यावर राहणाऱ्या चांकाय लोकांनी त्या घडवल्या आणि आपल्या मृतांशेजारी जमिनीत ठेवल्या. आज त्या जगभरच्या संग्रहालयांत उभ्या आहेत. बरेचसे लोक त्यांच्यापुढून दोन क्षणांत पुढे सरकतात, कारण त्यांच्यात पाहायचं काय हे कुणी सांगितलेलंच नसतं.

ते सांगण्यासाठी हा लेख आहे. पुरातत्त्वाचं शिक्षण लागत नाही, स्पॅनिशही लागत नाही. तुम्ही न्यूयॉर्कला किंवा लिमाला एखाद्या दालनात उभे असा, नाहीतर घरी संगणकावर संग्रहालयाचे फोटो उघडून बसलेले असा, पायऱ्या याच. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच मनात पक्की करा. काचेमागे एकटी दिसणारी मूर्ती मुळात एकटी नव्हती. ती एका मोठ्या मांडणीचा भाग होती आणि ती मांडणी आपल्याला नजरेने आणि माहितीने पुन्हा जुळवायची आहे.

आधी जागा आणि काळ

नकाशा उघडा. लिमापासून किनाऱ्याने उत्तरेला साधारण ऐंशी किलोमीटरवर चांकाय आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये तिथे चीनच्या गुंतवणुकीतून बांधलेलं प्रचंड बंदर सुरू झालं, त्यामुळे नुसतं ‘चांकाय’ शोधलंत तर जहाजांच्या आणि कंटेनरच्या बातम्याच समोर येतील. शोधताना ‘कुचिमिल्को’ हा शब्द सोबत टाका.

हा सगळा पट्टा वाळवंटाचा आहे. किनाऱ्यालगत वाहणाऱ्या थंड हम्बोल्ट प्रवाहामुळे पाऊस जवळजवळ पडतच नाही. अँडीजमधून उतरणाऱ्या नद्यांनी या वाळवंटात हिरव्या खोऱ्यांच्या पट्ट्या आखल्या आहेत. चांकाय, वाउरा, चियोन ही त्यांतली काही खोरी. लोकांनी कालवे काढून खोऱ्यांत मका, कापूस, भोपळे पिकवले आणि मृतांना खोऱ्याच्या कडेच्या कोरड्या, ओसाड उतारांवर पुरलं. त्या कोरडेपणामुळे तिथे कापड टिकलं, केस टिकले, मक्याची कणसं टिकली. मातीची मूर्ती तर कुठेही टिकते. पण तिच्या भोवतीचं कापड आणि अन्न शतकानुशतकं टिकून राहावं अशा जागा जगात थोड्या आहेत, म्हणूनच या मूर्ती त्यांच्या थडग्यांसह समजून घेणं शक्य आहे.

काळ साधारण इ.स. 1000 ते 1470. शेवटी इंका साम्राज्याने हा किनारा ताब्यात घेतला. चांकाय लोकांना लेखन माहीत नव्हतं आणि स्पॅनिश आले 1532 मध्ये, म्हणजे साठएक वर्षांनी. त्यामुळे या मूर्तींबद्दल त्यांच्या कर्त्यांचा एकही शब्द आपल्याकडे नाही. जे काही कळतं ते मूर्तीवरून आणि मूर्ती जिथे सापडली त्या जागेवरून.

दोन पावलं मागे सरून ठेवण पाहा

काचेला नाक लावण्याआधी लांबून पाहा. कुचिमिल्को उभा असतो. वीतभर उंचीपासून ते दोन फुटांच्या आसपासपर्यंत सगळ्या मापांत तो सापडतो. पाय आखूड आणि जाड, पावलं पसरट. धड सपाट, साधं. हात मात्र धडाला चिकटलेले नाहीत. ते बाजूला किंवा किंचित वर उचललेले असतात, तळवे पुढे. कधी हात इतके तोकडे असतात की पक्ष्याच्या पिल्लाचे पंख वाटावेत.

या हातांवर बरंच लिहिलं गेलं आहे. कुणी म्हणतं तो नमस्कार आहे, कुणी म्हणतं मृताचं रक्षण आहे, कुणाला त्यात काही स्वीकारण्याची मुद्रा दिसते. नवख्याने यातला एक अर्थ उचलून तोच खरा धरू नये. मला विचाराल तर आधी एवढंच नोंदवा की शेकडो मूर्तींमध्ये तीच मुद्रा पुन्हा पुन्हा येते. म्हणजे ही एखाद्या कुंभाराची लहर नव्हे. समाजाने ठरवलेली मुद्रा आहे.

आता डोकं. ते रुंद आहे, वरच्या बाजूला पसरत गेलेलं आणि पुढून-मागून चपटं. मूर्तिकाराला प्रमाण जमलं नाही असं समजू नका. पेरूच्या किनाऱ्यावर तान्ह्या बाळाच्या डोक्याला फळ्या किंवा पट्ट्या बांधून कवटीला ठरावीक आकार देण्याची रीत होती आणि तिथल्या दफनांत तशा कवट्या मिळाल्या आहेत. मूर्तीचं डोकं त्या रीतीची आठवण करून देतं.

आता जवळ या : रंग

इथे वेळ द्या, कारण चांकाय मूर्ती रंगावरून सर्वांत लवकर ओळखता येते. तांबूस मातीवर पांढरट लेप आणि लेपावर गडद तपकिरी-काळ्या रंगाच्या रेघा. एवढ्या दोनच रंगांवर सगळं काम चालतं. लेप चकचकीत नाही. भिंतीला दिलेल्या चुन्यासारखा तो कोरडा, भुरभुरीत दिसतो आणि जिथे हात लागायचे किंवा मातीशी घासायचं, तिथून निघून गेलेला असतो. बोटांची टोकं, नाकाचा शेंडा, पावलांच्या कडा नीट पाहा. तिथे खालची तांबूस माती उघडी पडलेली दिसेल. कुंचल्याची रेघ सरळ नसते. सुरुवातीला ठळक, पुढे रंग संपत आल्यावर फिकी, काही ठिकाणी ओघळलेली. एका बाजूच्या डोळ्याची रेघ दुसरीपेक्षा लांब. हे काम भरभर, सरावाच्या हाताने झालेलं आहे आणि तो सराव मला त्या रेघेत स्पष्ट दिसतो.

डोळ्यांवर थांबा. डोळ्याच्या कडेपासून एक गडद पट्टा कानशिलाकडे ओढलेला असतो, कधी गालावर उतरतो. हे चेहऱ्यावर रंगवायच्या नक्षीचं चित्रण मानलं जातं. कपाळावर आडवी पट्टी असते, तिच्यात चौकटी, ठिपके किंवा पायऱ्यांसारखी नक्षी. हे शिरोभूषण. गळ्याशी कधी हाराची रेघ, मनगटावर पट्ट्या. बाकी अंग बहुधा उघडंच ठेवलेलं आणि मूर्ती स्त्रीची की पुरुषाची हे निःसंकोच दाखवलेलं. या उघड्या अंगाचा उलगडा पुढच्या पायरीत होतो.

भोकं शोधा, मग कपडे मनात चढवा

शिरोभूषणाच्या वरच्या कडेला बारीक भोकांची ओळ दिसते का पाहा. कानांतही भोकं असतात. फोटोत पाहत असाल तर चित्र मोठं करा, नाहीतर ही भोकं सुटतात. ती मूर्ती ओली असतानाच पाडलेली आहेत, म्हणजे त्यांचा उपयोग आधीच ठरलेला होता: केस, पिसं, दोरे किंवा कापड अडकवण्यासाठी. (धडावर किंवा पायांखाली एखादं सुटं भोक दिसलं तर त्याचं कारण वेगळं असू शकतं. पोकळ मूर्ती भट्टीत तडकू नये म्हणून आतली हवा-वाफ बाहेर जायला वाट ठेवावी लागते.)

आज आपल्याला दिसते ती बहुतेकदा विवस्त्र मूर्ती. पण चांकाय लोकांसारखे विणकर त्या काळात जगात विरळाच होते. जाळीसारखी तलम कापडं, रंगवलेली सुती वस्त्रं, लामा-अल्पाका कुळातल्या प्राण्यांच्या लोकरीचे नक्षीदार पट्टे त्यांच्या थडग्यांतून ढिगाने निघाले. अशा लोकांनी हाताला लागतील तेवढी भोकं पाडून मूर्ती उघडीच ठेवली असेल, हे पटणं कठीण आहे. काही मूर्तींवर वस्त्राचे अवशेष अजूनही आहेत. म्हणून काचेसमोर उभं राहून तिला एक सदरा, एक डोकीचा रुमाल आणि दोन-चार पिसं मनातल्या मनात चढवा. मूर्ती बदललेली दिसेल. मातीचा भाग हा नुसता सांगाडा होता आणि सजावटीचं मोठं काम विणकरांनी केलं असावं, असं माझं मत आहे.

यामुळेच ‘चांकाय मातीकाम ओबडधोबड आहे’ हे जुन्या वर्णनांतलं वाक्य मला अन्यायाचं वाटतं. लोक ते मोचेंच्या, म्हणजे पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर चांकायच्या आधी होऊन गेलेल्या लोकांच्या, गुळगुळीत भांड्यांशी तुलना करून म्हणतात. पण मोचे मूर्ती मातीतच पूर्ण होते, ही तशी होत नव्हती.

सांधा

कडेने पाहा. कानापासून खांद्यावरून पायापर्यंत एक पुसट उंचवटा जाताना दिसेल. अँडीजमध्ये कुंभाराचं चाक नव्हतं. अशा मूर्तींसाठी साचे वापरत. पुढचा अर्धा आणि मागचा अर्धा वेगळा दाबून काढायचा, दोन्ही ओलसर असताना जोडायचे, सांधा बोटाने पुसायचा. हात, कान वगैरे भाग मागाहून चिकटवता येत. संग्रहालयाने आरसा ठेवला असेल किंवा मागच्या बाजूचा फोटो दिला असेल, तर पाठ जरूर पाहा. तिथे रंगकाम बहुधा कमी किंवा नसतंच.

साचा म्हणजे एकसारख्या पुष्कळ मूर्ती. मग प्रत्येकीला वेगळं करणारं काय? रंग, भोकांत अडकवलेल्या वस्तू आणि अर्थातच ती ज्या माणसाजवळ ठेवली तो माणूस.

जोडीदार कुठे आहे?

कुचिमिल्को अनेकदा जोडीने केले जात, एक स्त्री आणि एक पुरुष. चेहरे जवळजवळ सारखेच, उंचीही सारखी. मोठ्या मापाच्या मूर्तींत हे ठळकपणे दिसतं. दालनात एकच मूर्ती असेल तर आजूबाजूला तिची जोडीदार शोधा. दिसली नाही तर संग्रहालयाच्या ऑनलाइन सूचीत तिच्या नोंदणी क्रमांकाच्या मागचे-पुढचे क्रमांक पाहा. एकाच वेळी आलेल्या वस्तूंना लागोपाठचे क्रमांक मिळतात, त्यामुळे कधी कधी जोडी तिथे भेटते. भेटली नाही तर समजा की बाजारात जोडी फुटली. विकणाऱ्यांना दोन गिऱ्हाइकं दोन किमती देतात.

थडगं पुन्हा भरा

ही सर्वांत महत्त्वाची पायरी. मृत व्यक्तीला गुडघे छातीशी घेऊन बसवलेलं असे आणि थरावर थर कापड गुंडाळून तिचं मोठं गाठोडं केलेलं असे. मोठ्या माणसांच्या गाठोड्यांवर कधी कापडाचं किंवा लाकडाचं खोटं डोकं बसवत. साध्या माणसाला वाळूतल्या खड्ड्यात, वर चटई वगैरे घालून पुरत. मानाच्या माणसांसाठी खोल खणून कच्च्या विटांच्या भिंतींची खोली करत. भोवती भांडी, भोपळ्याची पात्रं, मका, शेंगा. विणणाऱ्या स्त्रियांच्या थडग्यांत वेताच्या पेटाऱ्या सापडतात. त्यांत चात्या, रंगीत सुताच्या लडी, विणकामाची हत्यारं जशी ठेवली तशी आहेत. सूत अर्धवट गुंडाळलेलं आहे.

लिमाच्या उत्तरेला अंकोन इथल्या विस्तीर्ण दफनभूमीत 1875 च्या सुमारास विल्हेल्म राइस आणि आल्फोन्स श्ट्यूबेल या दोन जर्मन संशोधकांनी खोदकाम केलं आणि मिळालेल्या वस्तूंची मोठी रंगीत चित्रं छापली. पुढे जर्मन पुरातत्त्वज्ञ माक्स ऊले यांनी चांकाय खोऱ्यातही काम केलं. ही जुनी चित्रं आज इंटरनेटवर सहज पाहता येतात. एकदा ती पाहिलीत की गाठोड्याभोवतीची दाटी डोळ्यांपुढे राहते.

भांड्यांमध्ये एक प्रकार ओळखून ठेवा: अंड्यासारखा मोठा घडा, त्याच्या गळ्यावर चेहरा आणि पोटावर चिमुकले हात, कधी हातात छोटा पेला. पेरूत त्याला ‘चीना’ म्हणतात. नवखे लोक त्यालाही कुचिमिल्को समजतात. फरक साधा आहे: चीनाला वर तोंड उघडं असतं, कारण ते भांडं आहे. मक्याची बिअर, म्हणजे चिचा, अशा घड्यांत ठेवत.

आता मूर्ती या गर्दीत ठेवून पाहा. समोर गाठोड्यात बसलेला माणूस, बाजूला त्याचं खाणंपिणं आणि कामाची हत्यारं, आणि हात पसरून उभी ती जोडी. मूर्ती मृताकडे तोंड करून होती की बाहेर? उजवीकडे की डावीकडे? स्त्रीजवळ ठेवली की पुरुषाजवळ, मुलाजवळही ठेवत का? ती कोण होती याचं उत्तर अशाच तपशिलांत होतं. आणि बहुसंख्य मूर्तींच्या बाबतीत ते तपशील कायमचे गेले, कारण त्या पुरातत्त्वज्ञांनी नाही, लुटारूंनी काढल्या. पेरूत त्यांना वाकेरो म्हणतात. गुड फ्रायडेच्या आठवड्यात थडगी उकरली तर नशीब साथ देतं, अशी किनाऱ्यावर जुनी समजूत आहे. चांकाय खोऱ्यातल्या उतारांवर खड्ड्यांशेजारी खड्डे आहेत, मध्ये विखुरलेली हाडं आणि कापडाच्या चिंध्या. विकत घेणाऱ्याला मूर्ती हवी होती, म्हणून मूर्ती काढली आणि माणूस उधळून दिला.

जागेची नोंद राहिली की काय हाती लागतं, याचं उदाहरण उत्तर किनाऱ्यावरच्या मोचेंचं आहे. वाका दे ला लूना या देवळाच्या आवारात 1990 च्या दशकात स्टीव्ह बूर्जे यांनी केलेल्या उत्खननात बळी दिलेल्या पुरुषांचे सांगाडे मिळाले आणि त्यांच्यासोबतच कच्च्या मातीच्या मूर्तींचे तुकडे. मूर्ती नग्न पुरुषांच्या, गळ्यात दोर. त्या मुद्दाम फोडलेल्या होत्या, म्हणजे माणसांसोबत मूर्तींचाही बळी दिला गेला. कच्च्या मातीचे ते तुकडे बाजारात आले असते तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. सांगाड्यांशेजारी नोंदले गेले म्हणून ते बोलले.

पाटी वाचायची कशी

पाटीवर सहसा ‘चांकाय, मध्य किनारा, पेरू, 1000–1470’ असं असतं. ते पुरेसं नाही. दोन गोष्टी अजून शोधा. सापडल्याचं नेमकं ठिकाण लिहिलं आहे का? नुसतं ‘चांकाय खोरं’ असेल तर उत्खननाची नोंद बहुधा नाही. दुसरं, ती संग्रहालयात कोणत्या वर्षी आणि कुणाकडून आली? पेरूने 1822 मध्येच, स्वातंत्र्य जाहीर केल्यावर वर्षभराच्या आत, थडग्यांतल्या प्राचीन वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंदी घातली होती. 1929 च्या कायद्याने त्या राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार 1970 चा. या तारखा मनात ठेवून पाटीवरचं वर्ष वाचलंत की पुढचा प्रश्न आपोआप पडतो.

शेजाऱ्यांशी गल्लत नको

थोडक्यात: चेहरा हुबेहूब एखाद्या खऱ्या माणसाचा वाटला, रंग पांढरा-तांबडा असला आणि वर रिकिबीसारखी गोल नळी असली तर ते मोचे, साधारण इ.स. 100 ते 800. काळं, घासून चकाकवलेलं भांडं असेल तर बहुधा चिमू, चांकायचेच उत्तरेकडचे समकालीन. पाच-सहा चमकदार रंग असतील तर दक्षिणेकडचं नास्का. कोरडा पांढरा लेप आणि काळपट रेघा दिसल्या की चांकाय.

कुठे पाहाल

लिमात पुएब्लो लिब्रे भागातलं लार्को संग्रहालय सर्वांत सोयीचं. 1926 मध्ये राफाएल लार्को ओयले यांनी ते स्थापन केलं. सुमारे 45,000 वस्तू तिथे आहेत आणि कोठारही पाहणाऱ्यांना खुलं आहे. भिंतभर कपाटांत एकासारख्या एक मूर्ती ओळीने उभ्या पाहिल्या की साच्याची गोष्ट लगेच पटते. त्यांची सूची ऑनलाइनही आहे. त्याच भागात पेरूचं राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय आहे. चांकाय कापडासाठी मीराफ्लोरेसमधलं अमानो संग्रहालय चुकवू नका. मूर्तींना मनात कपडे चढवायचे तर ते कपडे तिथे आहेत. अमेरिकेतल्या वाचकांसाठी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातली प्राचीन अमेरिकेची दालनं 2025 च्या मे अखेरीस नूतनीकरणानंतर पुन्हा उघडली आहेत.

भारतात पर्याय एकच सुचवतो. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे कोलंबसपूर्व अमेरिकेच्या वस्तूंचा संग्रह आहे, त्यात पेरूच्या वस्तूही आहेत. तो नसली हीरामाणेक आणि त्यांच्या पत्नी अॅलिस यांनी दिलेला. नसली मूळचे मुंबईचे, पुढे न्यूयॉर्कला कलावस्तूंचे मोठे व्यापारी झाले. जाण्याआधी ते दालन उघडं आहे ना, याची चौकशी करा.

कुठेही गेलात तरी एक मूर्ती निवडून तिचं पेन्सिलीने चित्र काढा. चांगलं यायची गरज नाही. फोटो काढताना जी भोकं आणि रेघा सुटतात, त्या चित्र काढताना दिसतात.

विकत घेण्याबद्दल

जुनी मूर्ती विकत घेऊ नका, कुणी कितीही कागद दाखवले तरी. शेवटचं भाजकाम किती वर्षांपूर्वी झालं याचा अंदाज प्रयोगशाळेत घेता येतो. पण मूर्ती जुनी निघाली तर प्रश्न मिटत नाही, उलट सुरू होतो: ती कुणाच्या थडग्यातून आली? कापडी ‘चांकाय बाहुल्यां’बाबत अधिकच सावध राहा. बाजारातल्या कित्येक बाहुल्या आजच्या काळात शिवलेल्या आहेत, पण त्यांना वापरलेल्या चिंध्या थडग्यांतल्या जुन्या कापडाच्या असतात. म्हणजे बाहुली नवी आणि लूट खरी.

आठवण हवीच असेल तर नव्या मातीत घडवलेली प्रतिकृती घ्या. पेरूतले कुंभार त्या सुंदर करतात आणि पैसे त्यांच्या घरी जातात. प्रतिकृती हुबेहूब असेल तर विमानतळावर अडवलं जाऊ शकतं. म्हणून विक्रेत्याची पावती जपून ठेवा आणि ही वस्तू राष्ट्रीय वारशातली नाही असा पेरूच्या संस्कृती मंत्रालयाचा दाखला निघण्याआधीच मिळवा.